युद्ध, कटकारस्थानं आणि पैशाच्या सत्तेची पुस्तकं: पहिल्यांदाच हातात घेताय तर असं वाचा

अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात शिरा, स्पर्धा परीक्षा आणि दहावी-बारावीच्या गाईडांचे ढीग ओलांडून जरा आत गेलं की एक ठरलेलं कपाट असतं. काळी नाहीतर लाल कव्हरं, सोनेरी उठावाची अक्षरं, कोपऱ्यात हेलिकॉप्टर किंवा डॉलरची नोट किंवा हिटलर. मोसाद (इस्रायलची गुप्तहेर संस्था), दुसरं महायुद्ध, सीआयए, तेलाचं राजकारण, जग चालवणारी दोन-चार घराणी, सगळं शेजारी शेजारी लावलेलं. आणि आजकाल नव्याने वाचायला लागलेली बरीच पोरं या कपाटातूनच आत येतात, कारण आधी यूट्यूबवर काहीतरी बघितलेलं असतं आणि मग डोक्यात किडा वळवळतो की च्यायला हे खरंय का. येऊ देत की. ग्रंथालयातले काही काका यावर नाक मुरडतात, "असलं काय वाचता, काहीतरी चांगलं वाचा" वगैरे, मला ते अजिबात पटत नाही. ज्याला ही पुस्तकं आवडतात त्याला इतिहास, भूगोल, बँका, तेल, जहाजं या सगळ्यात रस आहे, एवढा रस शाळेने बारा वर्षांत कुणात निर्माण केला असेल तर दाखवा.

भानगड फक्त एक आहे. या पुस्तकांत एकाच परिच्छेदात तीन जातीची वाक्यं बसलेली असतात: एक घडलेली गोष्ट, एक कुणीतरी सांगितलेली गोष्ट, आणि एक लेखकाला वाटलेली गोष्ट. तिघांचा आवाज सारखाच, तेवढाच ठाम. ही तिघं वेगळी काढता यायला लागली की मग कुठलंही पुस्तक वाचा, अगदी भडकातलं भडक वाचा, काही बिघडत नाही, उलट मजा वाढते. ते कसं करायचं तेच खाली लिहिलंय.

सुरुवात छोट्या पुस्तकापासून

पहिलंच पुस्तक "जगाचा तीनशे वर्षांचा गुप्त इतिहास" टाइपचं घेऊ नका. एक घटना, एक जागा, ठरावीक माणसं असं काहीतरी घ्या. १९७६ ची युगांडातल्या एंटेबीची ओलिसांची सुटका, १९६२ चा क्यूबाचा पेच, १९७१ चं युद्ध, १९९२ चा हर्षद मेहता. याचं कारण असं की असल्या पुस्तकातली चूक पकडता येते, तारखा माहितीयत, माणसं माहितीयत, दुसऱ्या चार जणांनी त्यावर लिहिलंय. तीनशे वर्षांचा कट सांगणाऱ्या पुस्तकात तुम्ही पकडणार काय, तिथे दर पानाला देश बदलतो.

आणि लगेच विकत घेऊ नका हो. लक्ष्मी रोडचं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून, दोन्हीकडे हा सगळा माल आहे आणि वर्षाची वर्गणी एका जाडजूड अनुवादाच्या किमतीच्या आसपास येते (आताचा आकडा तिथेच विचारा). घरी न्यायचं, दोन प्रकरणं वाचायची, पकड घेत नसेल तर परत. लायब्ररीच्या पुस्तकात पेन्सिल चालवायची नाही हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण आधीच्या वाचकांनी समासात केलेली भांडणं मी वाचलेली आहेत. एक साधी वही ठेवा, पुढे लागणार आहे.

सिग्नलला आणि फुटपाथला मिळणाऱ्या स्वस्त कॉपीचा मोह सगळ्यांनाच होतो. घेण्याआधी एकदा मधली आणि शेवटची पानं उघडून बघा. छपाई एका बाजूला कललेली, फोटोंची पानं इतकी काळीकुट्ट की त्यातला चर्चिल कोण आणि ड्रायव्हर कोण कळत नाही, आणि मागच्या टिपा थेट गायब, कारण पानं वाचवली की पैसे वाचतात. कथा-कादंबरीचं एकवेळ चालेल, पण या प्रकारच्या पुस्तकात शेपूट कापलं तर उरतं ते नुसतं ओरडणं.

पुस्तक मागून उघडा

म्हणजे खरोखर मागून. टिपा आहेत का, संदर्भ आहेत का, सूची आहे का. इंग्रजी पुस्तकांत शेवटी चाळीस-पन्नास पानं याचीच असतात, मराठी अनुवादात ती बऱ्याचदा गाळलेली असतात, किंमत वाढते म्हणून. त्यामुळे मराठीत टिपा नाहीत म्हणजे लेखक थापाड्या असं लगेच ठरवू नका. कॉपीराइटच्या पानावर मूळ पुस्तकाचं नाव आणि साल बघायचं, मूळ इंग्रजी प्रत लायब्ररीत किंवा नेटवर चाळायची, आणि त्या लेखकाने टिपा दिल्या होत्या का तेवढं बघायचं. साल पण महत्त्वाचं, कारण १९८५ सालचं पुस्तक आज नव्या कव्हरात येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं ताजी बातमी आहे, मधल्या काळात फाइली खुल्या झाल्या, साक्षीदार बोलले, त्यातलं काहीच आत नसतं.

सूची असेल तर माझी एक ठरलेली परीक्षा आहे. मोसादवरचं पुस्तक असेल तर "लिलेहॅमर" शोधायचं. १९६० साली ब्यूनोस आयरेसमधून आइकमन या नाझी अधिकाऱ्याला उचलून आणलं हे सगळीच पुस्तकं मिटक्या मारत सांगतात, सांगावं पण, गोष्टच तशी आहे. पण २१ जुलै १९७३ ला नॉर्वेतल्या लिलेहॅमर गावात याच लोकांनी ओळख पटवण्यात घोळ करून मोरोक्कोच्या एका वेटरला गोळ्या घातल्या, त्याचा कशाशी संबंध नव्हता, आणि वर काही एजंट पकडले जाऊन त्यांना शिक्षाही झाल्या. हे प्रकरण पुस्तकात असेल तर लेखक हिशोब मांडतोय, नसेल तर जाहिरात करतोय असं समजायचं आणि त्या बेताने वाचायचं. तसंच एंटेबी. तिथलं प्रत्यक्ष ऑपरेशन इस्रायली सैन्याच्या कमांडोंनी केलं, मोसादने माहिती पुरवली. जे पुस्तक सगळंच मोसादच्या नावावर टाकतं त्याचं बाकीचं गणित पण तपासून घ्या.

वहीत तीन खुणा

आता मुख्य काम. एक प्रकरण वाचायचं आणि त्यातल्या मोठ्या दाव्यांपुढे वहीत तीनपैकी एक शब्द लिहायचा: "झालं", "म्हणे" किंवा "वाटतं". सगळ्या वाक्यांना नाही, वेड लागेल. ज्यावर प्रकरण उभं आहे अशी पाच-सहा वाक्यं पुरतात.

या जातीच्या पुस्तकांतला सगळ्यात लाडका किस्सा घेऊन करून दाखवतो, वॉटर्लू आणि रॉथशिल्डचा. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आहे, फॉरवर्डमध्ये तर आहेच. गोष्ट अशी: १८ जून १८१५ ला नेपोलियन हरला, लंडनचा सावकार नेथन रॉथशिल्ड याला कबुतराने (काही पुस्तकांत तो स्वतःच रणांगणावर उभा असतो आणि वादळात खाडी पार करतो) सगळ्यांच्या आधी बातमी कळली, त्याने लंडनच्या बाजारात मुद्दाम रोखे विकायला काढले, लोकांना वाटलं इंग्लंड हरलं, भाव कोसळले, मग याने गुपचूप सगळं मातीमोल भावात उचललं आणि एका दिवसात इंग्लंड विकत घेतलं.

आता खुणा करू. लढाई आणि तारीख, "झालं". ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचा अधिकृत खलिता मेजर पर्सी घेऊन आला तो २१ जूनच्या रात्री लंडनला पोचला, म्हणजे मध्ये तीन दिवस सरकारकडे पक्की बातमी नव्हती, हे पण "झालं". नेथनला बातमी लवकर लागली होती का, तर हो, लागली असावी, त्याच उन्हाळ्यातल्या त्यांच्याच एका माणसाच्या पत्रात लवकर मिळालेल्या बातमीचा तुम्हाला फायदा झाला असं ऐकलं अशा अर्थाचा उल्लेख आहे. इथे "म्हणे", पण बऱ्यापैकी वजनदार "म्हणे". तो रणांगणावर होता? नव्हता, लंडनमध्ये होता. आणि तो आधी विकून भाव पाडायचा डाव? त्याला त्या वेळचा कसलाही पुरावा नाही. ही गोष्ट पहिल्यांदा गाजली १८४६ साली, पॅरिसमधल्या एका पत्रकातून, लिहिणाऱ्याने नाव घेतलं होतं "सैतान". लढाईनंतर ३१ वर्षांनी, आणि नेथन मरून १० वर्षं झाल्यावर. त्याच वर्षी रॉथशिल्डांच्या फ्रान्समधल्या रेल्वेला मोठा अपघात झाला होता आणि लोक चिडलेले होते, त्या चिडीवर हे पत्रक विकलं गेलं. पुढे १९४० मध्ये नाझी जर्मनीने याच किस्स्यावर प्रचारपट काढला. म्हणजे ज्या वाक्यासाठी सगळी गोष्ट सांगितली जाते, नेमकं तेच वाक्य "वाटतं" मध्ये जातं.

आणि त्या मागची खरी गोष्ट कमी भारी आहे असं नाही. नेथन १८१४ पासून ब्रिटिश सरकारसाठी सोनं जमवून वेलिंग्टनच्या सैन्याला पोचवत होता. युद्ध लांबलं असतं तर त्याचा धंदा वाढला असता, ते इतक्या पटकन संपल्यावर हातात सोनं पडून राहिलं, म्हणजे वॉटर्लूने त्याला फायद्यापेक्षा आधी अडचणच केली असं मांडणारे इतिहासकार आहेत. हे त्या काळ्या-सोनेरी पुस्तकांत क्वचितच सापडतं.

गंमत म्हणजे असा किस्सा आपल्या घरात पण आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं, नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते, आणि भेलशाच्या मुक्कामी त्यांच्या हाती पडलं ते एका सावकाराचं पत्र. "दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्द्याची गणती नाही." सरकारी खलित्याआधी सावकाराची डाक, कारण हुंड्यांच्या धंद्यात ज्याला बातमी आधी तो वाचला. सावकारांचं बातमीचं जाळं राज्यकर्त्यांपेक्षा वेगवान होतं, हे झालं. पण म्हणून सावकारांनी पानिपत घडवलं असं आपण म्हणतो का? नाही ना. मग तेच लंडनच्या सावकाराबद्दल वाचताना इतक्या सहज का मान डोलावतो, याचा जरा विचार करा. (आणि हो, त्या वाक्याचे पाठ पुस्तकागणिक बदलतात, मोहरांचा आकडा हलतो, तेव्हा कुठल्या पुस्तकातून घेतलं तेही वहीत लिहा. कादंबरीतलं पानिपत वाचून झालं असेल तर त्र्यं. शं. शेजवलकरांचं पानिपत शोधून वाचा, त्यांचा मूळ इंग्रजी अभ्यास १९४६ साली आपल्या डेक्कन कॉलेजनेच छापला.)

खुणा करताना दोन सूचना. बंद खोलीतले संवाद आले, म्हणजे "जनरल खुर्चीत रेलला आणि थंडपणे म्हणाला", की विचारायचं, हे ऐकलं कुणी? हजर असलेल्यांपैकी कुणी आठवणी लिहिल्यात का, साक्ष दिलीय का? नसेल तर तो सिनेमा आहे, मजेत बघा आणि पुढे चला. दुसरं, "हा निव्वळ योगायोग होता का?" हे वाक्य. मराठी लेखकांना हे भयंकर आवडतं. प्रश्नचिन्ह टाकलं की पुरावा द्यावा लागत नाही ही यातली युक्ती. हे वाक्य दिसलं की डोळे झाकून "वाटतं".

योगायोगावरून आठवलं, जानेवारी १९६६. ताश्कंद करार १० तारखेला, शास्त्रीजी गेले ११ च्या पहाटे, आणि २४ ला एअर इंडियाचं विमान माँ ब्लाँवर आदळून होमी भाभांसकट ११७ माणसं गेली. एका महिन्यात दोन, त्यामुळे पुस्तकं दोन्ही गोष्टी एका दोऱ्यात ओवतात. शास्त्रीजींचं शवविच्छेदन झालं नाही हे खरंय आणि त्याबद्दल प्रश्न विचारणं पूर्ण योग्य आहे. पण भाभांच्या विमानाबद्दल वाचताना हेही माहीत असू द्या की त्याच डोंगरावर ३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचंच "मलाबार प्रिन्सेस" आदळलं होतं, ४८ जण गेले, तेव्हा त्यात कुणी अणुशास्त्रज्ञ नव्हता. आणि १९६६ च्या फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष असा होता की विमानातलं एक दिशादर्शक उपकरण बिघडलेलं होतं आणि वैमानिक आणि कंट्रोलर यांच्यात विमान नक्की कुठे आहे यावरून गैरसमज झाला. तो निष्कर्ष तुम्हाला पटो न पटो, पण पुस्तकाने तो निदान सांगायला हवा, सांगून मग खोडायला हवा. जे सांगतच नाही त्याला पूर्ण मार्क देऊ नका.

खरे कट पण असतात, ते आधी वाचा

हे सगळं वाचून "म्हणजे सगळं खोटंच" असं वाटायला लागलं असेल तर थांबा. सरकारं खोटं बोलतात, बँका चोरून भेटतात, हे कागदावर सिद्ध झालेलं आहे, आणि माझं मत विचाराल तर नवीन माणसाने सुरुवात याच प्रकरणांपासून करावी, म्हणजे खरा कट कसा दिसतो त्याचा अंदाज येतो.

टॉन्किनचं आखात घ्या. ४ ऑगस्ट १९६४ ला अमेरिकी जहाजांवर दुसरा हल्ला झाला म्हणून अमेरिकी संसदेने तीन दिवसांत ठराव केला, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २, आणि व्हिएतनाममध्ये पूर्ण ताकदीने उतरायचा रस्ता मोकळा झाला. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे त्यांच्याच गुप्तचर खात्याच्या इतिहासकाराने लिहिलेल्या आणि २००५ मध्ये खुल्या झालेल्या अभ्यासात आहे. इराणमध्ये १९५१ साली तेलाचं राष्ट्रीयीकरण झालं, १९५३ ला पंतप्रधान मोसाद्देकचं सरकार उलथवलं, त्यातला सीआयएचा हात त्यांच्याच कागदांत २०१३ साली उघड मान्य झाला.

बँकवाल्यांचा कट हवा असेल तर जेकिल बेट. नोव्हेंबर १९१० मध्ये सिनेटर ऑल्ड्रिच, अर्थखात्याचा एक अधिकारी आणि न्यूयॉर्कचे बडे बँकर खाजगी रेल्वेच्या डब्यातून जॉर्जियातल्या एका बेटावर गेले, शिकारीला चाललोय असं सांगून, एकमेकांना फक्त पहिल्या नावाने हाक मारायची असं ठरवून, आणि तिथे मध्यवर्ती बँकेचा आराखडा बसवला. हे शंभर टक्के "झालं". त्यातलेच एक, व्हँडरलिप, त्यांनी १९३५ मध्ये स्वतःच मासिकात लिहून टाकलं. पण पुस्तकं इथेच थांबतात, आणि पुढचं वाचायला पाहिजे. ऑल्ड्रिचचं विधेयक संसदेत पास झालंच नाही. २३ डिसेंबर १९१३ ला फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा (थोडक्यात फेड), जो कायदा झाला त्यात त्या आराखड्यातलं बरंच घेतलं होतं, पण वॉशिंग्टनमध्ये सरकारने नेमलेलं मंडळ आणि त्याखाली १२ प्रादेशिक बँका अशी रचना झाली, बँकरांना हवी होती तशी सगळी सूत्रं त्यांच्या हातात आली नाहीत. मग यूट्यूबवाले त्यात टायटॅनिक घुसवतात, की बँकर मॉर्गनने १९१२ मध्ये विरोधकांना बुडवलं. ॲस्टर, गुगेनहाइम, स्ट्राउस हे तिघे श्रीमंत बुडाले हे खरं, ते फेडच्या विरोधात होते याला कुणी कागद दाखवत नाही.

आणि आपल्याकडचा हर्षद मेहता. स्टेट बँकेतल्या पाचशे कोटींची बातमी २३ एप्रिल १९९२ ला पेपरात आली, आणि ज्या कागदांवर हा सगळा डोलारा होता त्या बनावट बँक रिसीट द्यायला कोण, तर आपली बँक ऑफ कराड आणि मुंबईची मेट्रोपोलिटन को-ऑपरेटिव्ह. कुठलं जागतिक घराणं नाही, कुठली गुप्त संघटना नाही, एक ढिली पद्धत आणि ती वापरणारी हुशार माणसं. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीचे अहवाल आणि संसदेच्या समितीचा अहवाल, दोन्ही आहेत, आणि एकदा ते चाळले की कुठल्याही वेबसिरीजपेक्षा जास्त थक्क व्हायला होतं. खऱ्या कटांमध्ये मला हेच दिसतं: माणसं मोजकी, हेतू एक, पैसा कुठून कुठे गेला ते सांगता येतं, आणि कधी ना कधी कुणीतरी बोलतं.

पैशाचे आकडे

इथे नवीन माणूस हमखास गुंगतो, त्यामुळे वहीचं शेवटचं पान याच्यासाठी ठेवा. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. अनुवादांत अब्ज-खर्वचा असा गोंधळ असतो की कंपनी देशापेक्षा मोठी होऊन बसते, म्हणून मोठा आकडा दिसला की स्वतः करून बघायचं.

मग विचारायचं, पैसा कुणाचा? "ब्लॅकरॉककडे दहा ट्रिलियन डॉलर आहेत, म्हणजे जगाची मालकी" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल (ब्लॅकरॉक ही अमेरिकेची गुंतवणूक सांभाळणारी कंपनी). २०२१ च्या शेवटी हा आकडा त्यांनी ओलांडला होता हे खरंय. पण ती सांभाळायला दिलेली रक्कम आहे, पेन्शन फंडांची, बचत करणाऱ्यांची. तुमची एसआयपी ज्या फंडात जाते तो फंडही असेच हजारो कोटी "बाळगून" असतो, म्हणून फंड मॅनेजर तुमच्या पैशाचा मालक होत नाही. मात्र त्या शेअरांवर मत कुणी द्यायचं, हा खरा आणि गंभीर प्रश्न आहे, आणि चांगलं पुस्तक तिथे वेळ घालवतं, वाईट पुस्तक आकडा ओरडून पुढे पळतं.

"फेड खाजगी आहे!" हेही तसंच. प्रादेशिक बँकांचे शेअर सदस्य बँकांकडे असतात, त्यांना कायद्याने ठरलेल्या मर्यादेत डिव्हिडंड मिळतो, खर्च वजा जाता उरलेला नफा सरकारी तिजोरीत जातो. आपली रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली तेव्हा पाच कोटींचं भांडवल, शंभर रुपयांचा एक शेअर, अशी भागधारकांचीच होती, १ जानेवारी १९४९ ला सरकारची झाली. बँक ऑफ इंग्लंड तर १६९४ पासून खाजगी, थेट १९४६ पर्यंत, आणि ती सुरूच झाली मुळात फ्रान्सशी लढायला राजाला १२ लाख पौंड उधार द्यायला. युद्ध आणि बँक यांचं नातं इतकं उघड्यावर पडलेलं असताना त्याला गुप्त का म्हणतात मला कळत नाही.

या बाबतीत माझ्या आवडीचा विषय म्हणजे युद्धाची उधारी, कारण यावर मराठीत कुणी पटकन बोलत नाही. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेकडून घेतलेलं कर्ज फिटलं ते डिसेंबर २००६ मध्ये. पहिल्या महायुद्धाचे रोखे त्यांनी २०१५ साली मिटवले. आणि उलट बाजूने, दुसऱ्या महायुद्धात भारतातून एवढा माल आणि माणसं गेली (खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, तोही त्यात आलाच) की युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनच भारताचा साधारण १.३ अब्ज पौंडांचा देणेकरी होता. त्याच काळात, १९४३ ला, बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. हे सगळं सरकारी हिशोबात आहे, कुठल्या तळघरात लपवलेलं नाही.

कुठे पुस्तक खाली ठेवायचं

एका गोष्टीवर मी ताठर आहे. पुस्तक व्यक्ती, कंपनी, खातं, तारीख हे सोडून "ते लोक" वर आलं, म्हणजे एक अख्खा समाज जन्मजात कट करतो असं सांगायला लागलं, की ते संपलं. असल्या पुस्तकांचं मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं, ज्यूंच्या तथाकथित "वडीलधाऱ्यांच्या" गुप्त बैठकीचे कागद म्हणून १९०३ मध्ये रशियातल्या एका वृत्तपत्राने छापलेला मजकूर. ऑगस्ट १९२१ मध्ये लंडनच्या टाइम्सने शेजारी शेजारी उतारे छापून दाखवलं की हा मजकूर १८६४ सालच्या एका फ्रेंच उपहासातून उचललाय, जो तिसऱ्या नेपोलियनची टर उडवायला लिहिला होता आणि त्यात ज्यूंचा संबंधच नव्हता. म्हणजे चोरी, आणि तीही नावं बदलून. हेन्री फोर्डने आपल्या पेपरात हा माल वर्षानुवर्षं चालवला आणि १९२७ मध्ये माफी मागितली. तरी हिटलरने वापरला, आणि आजही मराठी फॉरवर्डमध्ये त्याचे तुकडे फिरतात, कधी ज्यूंच्या नावाने, कधी दुसऱ्या कुणाच्या. आपल्या पुण्यात तर "दुसरं कुणीतरी" शोधायला पेठ पण ओलांडावी लागत नाही, दोन्ही बाजूंनी.

तपासायला कुठे जायचं

प्रत्येक पुस्तकामागे एकच दावा तपासा, जो तुम्हाला सगळ्यात जास्त झोंबला तो. मराठेशाहीतलं काही असेल तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० चं. अर्थकारण असेल तर डेक्कनला गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय, बाहेरच्यांसाठी काय नियम आहेत ते आधी फोन करून विचारा, उगाच दारातून परत यायला नको. भारत सरकारच्या जुन्या फाइली राष्ट्रीय अभिलेखागाराच्या "अभिलेख पटल" वर घरबसल्या शोधता येतात, नेताजींच्या फाइलीही २०१६ पासून खुल्या व्हायला लागल्या. नेताजींवर वाचत असाल तर १९५६ ची शाहनवाझ समिती, मग खोसला आयोग, मग मुखर्जी आयोग, तिन्हींचे निष्कर्ष वाचा. शेवटच्या आयोगाने विमान अपघातात मृत्यू झाल्याचं नाकारलं आणि सरकारने तो अहवालच स्वीकारला नाही, म्हणजे इथे वाद खराखुरा आहे आणि जो लेखक एकच बाजू सांगून मोकळा होतो तो तुमचे पैसे खातोय. १९६२ च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल तर सरकारने अजून खुला केलेला नाही, २०१४ मध्ये त्याचा काही भाग एका परदेशी पत्रकाराने नेटवर टाकला तेवढाच. गुप्ततेबद्दल चिडायचंच असेल तर चिडायला ही बरी जागा आहे.

आणि घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच मास्तर होऊ नका, मामा चिडतात आणि पुढच्या वेळी जास्त लांबचा मेसेज पाठवतात. मी एकच करतो, "मामा, हे भारी आहे, कुठल्या पुस्तकातलं, पान नंबर मिळेल का?" असं विचारतो. कधी उत्तर येत नाही. कधी मात्र मामा खरंच पुस्तक काढतात आणि पानाचा फोटो पाठवतात, मग रविवारी चहाला त्यांच्याकडे जाऊन त्या पानावर बसायचं, वही बरोबर न्यायची. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो, तिथे त्यांना घेऊन जा, आणि त्या काळ्या-सोनेरी स्टॉलवर पोचलात की आधी पुस्तक उलटं करून शेवटची पानं बघायची, मग किंमत.